बंदुकीचा बार आणि घराची राखण

रात्रीच्या प्रहरी घरात चोर शिरल्याची चाहूल लागली आणि घरधन्यापाशी बंदूक असली, तर त्याने प्रथम काय करावे? नेम धरून गोळी झाडावी, की नळी आभाळाकडे करून नुसता बार काढावा, की बंदूक भरल्याचा खटका तेवढा चोराच्या कानी जाईल असे करून स्वस्थ बसावे? प्रश्न शिपायाचा आहे, इतिहासाच्या शिक्षकाने त्यात पडू नये, असे कोणी म्हणेल. परंतु अमेरिकेसारख्या देशात, जेथे घरोघर बंदुका आहेत, या प्रश्नावर मोठ्या हिरीरीने वाद चालतो. बंदुकीत काडतूस सरकवल्याचा नुसता आवाज ऐकून चोर पायाला पाय लावून पळतो, अशी तेथे पुष्कळांची श्रद्धा आहे. आणि २०१३ च्या फेब्रुवारीत त्या देशाचे तत्कालीन उपाध्यक्ष जो बायडेन यांनी तर, संकट वाटल्यास सज्जात जाऊन घराबाहेर दोन बार काढावेत असे आपण पत्नीस सांगून ठेवले आहे, असे जाहीरपणे सांगितले. त्यावर तेथे जो गदारोळ उडाला तो आपल्या कामाचा नाही. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की, हा प्रयोग आपल्याकडे, आणि विशेषतः मराठवाड्याच्या गावांतून, दोनशे वर्षांपूर्वी वारंवार होऊन गेलेला आहे, व त्याचा निकाल समजून घेण्यापुरती साधने शिल्लक आहेत.

नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या सडकेवर कळमनुरी तालुक्यात डोंगरकडा हे गाव लागते. आज ते हिंगोली जिल्ह्यात मोडते. १ मे १९९९ पूर्वी ते परभणी जिल्ह्यात होते, आणि १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड. सरहद्दीच्या मुलखाचे भोग या टापूच्या वाट्यास पुरेपूर आले. एका अंमलात लूट करावी आणि दुसऱ्यात जाऊन ती पचवावी, हा धंदा अशा ठिकाणी बरकतीस येतो. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तर चाकरी सुटलेले शिपाई, पगार थकलेले अरब व रोहिले, पुंड झालेले नाईक आणि उत्तरेकडून नर्मदा उतरून येणारे पेंढारी, अशा चौफेर संकटांत येथील कुणबी नांगर धरीत होता. सरकार म्हणून जे काही होते ते वसुलीच्या दिवसांत दिसे. एरवी ज्याने त्याने आपले रक्षण आपणच करावे, असा मामला होता.

म्हणून गावोगाव गढ्या उभ्या राहिल्या. पांढऱ्या मातीच्या हातहात रुंद भिंती, कोपऱ्यांवर बुरूज, बुरुजांत जंग्या, आणि जंग्यांमागे पाटलाच्या किंवा देशमुखाच्या पदरचे पाचदहा बंदूकवाले, असा त्यांचा सर्वसाधारण थाट. आज या भिंती पावसाने विरघळून त्यांची टेकाडे झाली आहेत आणि लोक ती माती शेतात नेऊन टाकतात. तो भाग सोडला तरी गढीतल्या बंदुकीचा विचार थोडा बारकाईने केला पाहिजे, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या बंदुकीच्या घडणीतच आहे.

ती बंदूक तोड्याची. नळीत तोंडाकडून दारू ओतावी, वर गोळी सोडावी, गजाने ठासावी, कानावर रंजक घालावी, आणि मग शिलगावलेला तोडा रंजकेला लावावा, तेव्हा कोठे बार उडणार. सराईत हातालाही या सर्व उपद्व्यापास अर्धा मिनिट सहज लागे. मग अंधारात, घाबरलेल्या बायकामुलांच्या कालव्यात, थरथरत्या हाताने किती लागत असेल त्याचा वाचकांनीच अंदाज करावा. पावसाळी रात्री तर तोडाच विझे. तात्पर्य, एक बार काढला म्हणजे ती बंदूक पुढील काही क्षण काठीच्या मोलाची होई, आणि काठीहून अंमळ गैरसोयीचीच. दरवडेखोर हे सर्व जाणून असत. गढीतून एक आवाज झाला की एक नळी रिकामी झाली, दोन झाले की दोन, हा हिशेब ज्यास येत नाही त्याने त्या धंद्यात पडूच नये. भरलेली आणि न उडवलेली बंदूक हीच खरी धाक घालणारी वस्तू होती. उडवलेल्या बंदुकीने धाक वाढण्याऐवजी कमी होण्याचा संभव अधिक.

असे असता रात्री संशय येताच बुरुजावरून बार काढण्याची चाल का पडली? त्या काळचे लोक आपल्याहून कमी हिशेबी नव्हते. दारू महाग होती आणि प्राण त्याहून. याचे उत्तर गढीत नाही, गढीबाहेरच्या गावात आहे. तो आवाज चोराला पोचतच होता, पण तो काढलेला असे शेजाऱ्यासाठी, वेशीवरच्या राखणदारासाठी आणि कोसभरावरच्या दुसऱ्या गढीसाठी. इशारा आणि हाक या दोन भिन्न गोष्टी आहेत. इशारा शत्रूला द्यावयाचा आणि हाक आपल्या माणसांना मारावयाची. बंदुकीचा बार इशारा म्हणून फार दुबळा आणि हाक म्हणून फार जोरकस, असे त्या काळच्या गावकऱ्यांनी अनुभवाने ठरविलेले दिसते.

ही हाक ऐकणारी यंत्रणा कशी होती, हे पाहावयाचे तर पेशवाई बुडाल्यावर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या ऑक्टोबरात आपल्या सरकारास लिहिलेला अहवाल वाचावा. तो पेशव्यांच्या मुलखाविषयी आहे, निजामाच्या नव्हे. परंतु गावगाड्याची रचना दोन्हींकडे एकाच मुशीतली होती. गावच्या राखणदाराने रात्री पहारा करावा, गावात आलागेला कोण याची खबर ठेवावी, परक्यावर नजर ठेवावी, आणि चोरी झालीच तर चोराचा माग काढीत जावे. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवला की पहिल्या गावची जबाबदारी संपली. पुढे तो त्या गावच्या राखणदाराने उचलावा, नाहीतर त्या गावाने भरपाई द्यावी. म्हणजे गावागावांच्या हद्दी एकमेकींस अशा जखडलेल्या होत्या की, चोर कोठेही शिरला तरी कोणाच्या तरी गळ्यात पडणारच. हे काम कोठे महाराकडे, कोठे रामोश्याकडे, कोठे भिल्लाकडे असे. मराठी गावाच्या इतिहासात ही गोष्ट जरा शरमेनेच नोंदवली पाहिजे की, ज्या वेसकराच्या कानांच्या भरवशावर सारे गाव निर्धास्त झोपे, त्याला स्वतःला वेशीच्या आत घर बांधण्याची मुभा नव्हती.

अशा गावात बार झाला की दारे उघडत, हाकाटी होई, पलिते पेटत, हलगी वाजू लागे, आणि जे चार चोर दहा माणसांस भारी होते ते शंभरांपुढे उभे राहत नसत. चोराने पळ काढला तो आवाजाला भिऊन, असे गोष्टी सांगणारे सांगतात. खरे पाहता तो पळाला आवाजामागून येणाऱ्या पावलांना भिऊन.

आवाजाचा हा निरोपासारखा उपयोग महाराष्ट्रास अपरिचित नव्हता. १६६० च्या जुलैत घोडखिंड अडवून विशाळगडाच्या तोफांकडे कान लावून बसलेला बाजीप्रभू आपल्या प्रत्येक घरातील मुलांस ठाऊक आहे. त्या प्रसंगाच्या तपशिलाविषयी इतिहासकारांत मतभेद असोत, पण तोफेचा आवाज हा आपल्याच माणसाला पोचविण्याचा निरोप होय, ही कल्पना त्या कथेच्या मुळाशी आहेच. पुढे पेशवाईच्या उत्तरकाळात पुण्यास रात्री ठराविक वेळी तोफ होई आणि तीनंतर रस्त्यावर सापडेल त्यास कोतवालाची गस्त पकडून ठेवी. अवेळी बाहेर पडलेल्या प्रत्यक्ष पेशव्यासही एकदा रात्रभर अडकून पडावे लागले, असे टोन नावाच्या त्या काळच्या एका आयरिश शिपायाने लिहून ठेवले आहे. ती गोष्ट घडली असो वा नसो, लोकांना ती खरी वाटत होती यातच पुण्याच्या तोफेचे सामर्थ्य होते. तोफेमागे गस्त होती म्हणून तोफेला मान होता.

आता उलट बाजूचे पुरावे पाहू. १८१६ च्या मार्चात पेंढाऱ्यांची एक मोठी धाड दक्षिणेतून थेट गुंटूर प्रांतावर कोसळली. कंपनी सरकारने मागाहून जी चौकशी केली तीप्रमाणे अवघ्या बारा दिवसांत ३३९ गावे लुटली गेली, १८२ माणसे ठार झाली, ५०५ जखमी झाली आणि ३६०३ जणांचे निरनिराळ्या प्रकारे हाल करण्यात आले. पेंढारी हा लढणारा नव्हता. लुटीपायी जीव धोक्यात घालणे त्याच्या हिशेबात बसत नसे. गुंटुरातच सरकारी खजिना होता. मूठभर शिपाई व काही निवृत्त सैनिक बंदुका रोखून उभे राहताच पेंढाऱ्यांनी तो सोडून दिला आणि उघड्या गावाकडे मोर्चा वळविला. यावरून बंदुकीचा धाक चालतो असे दिसेल, आणि तेवढ्यापुरते ते खरेही आहे. परंतु तो धाक रोखलेल्या, टिकून राहणाऱ्या बंदुकांचा होता. त्याच धाडीत एका गावच्या लोकांनी आपल्यापरीने प्रतिकार केला, आणि मदतीस कोणी येत नाही व टिकाव लागत नाही असे पाहून अखेर घरांना आपल्या हाताने आग लावून त्यांतच देह ठेवले. त्यांचा आवाज ऐकण्याइतके जवळ कोणी नव्हते, आणि जे होते ते स्वतःच लुटले जात होते. एकाच वेळी शंभर गावे हाका मारू लागली म्हणजे हाकेचा अर्थच नाहीसा होतो.

दुसरा पुरावा तर खुद्द हिंगोलीचा आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत बोलका होय. हिंगोलीस निजामाच्या तैनाती फौजेची छावणी होती. तेथे हरिसिंग नावाचा एक व्यापारी सदर बाजारात पेढी घालून बसला होता. साहेब लोकांशी त्याची देवघेव होती आणि बाजारात त्याला प्रतिष्ठा होती. १८३० च्या सुमारास ठगांचा छडा लागू लागला तेव्हा हा गृहस्थ ठगांचा नायक निघाला! मेडोज टेलर हा त्या काळी निजामाच्या चाकरीत असलेला अधिकारी. त्याने १८३९ साली प्रसिद्ध केलेल्या ठगाविषयीच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत ही हकीकत दिली आहे. आपणही त्याच्याशी व्यवहार केला होता, अशी कबुली तो देतो. या हरिसिंगाने एकदा मुंबईहून कापड आणावयाचे म्हणून मुलकी अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स याजकडून रीतसर परवाना घेतला. कापड वाटेवर होते खरे, पण ते दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे. त्या व्यापाऱ्यास, त्याच्या नोकरांस व गाडीवानांस वाटेत मारून हरिसिंगाने तोच माल सरकारी परवान्याखाली हिंगोलीस आणला आणि छावणीत उघड विकला. याहून भयंकर गोष्ट पुढेच आहे. छावणीच्या बाजारातच खून होत आणि प्रेते पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली जात. ती थडगी उकरली गेली तेव्हा टेलर स्वतः हजर होता.

पाचशे यार्ड म्हणजे हाकेच्या टप्प्यातील अंतर. पहाऱ्यावर भरल्या बंदुकीचे शिपाई उभे होते. ते रात्रभर आळीपाळीने हाळी देत असतील, बार काढावयास लागला असता तर तोही क्षणात काढू शकले असते. पण कोणावर? ठगाचे हत्यार रुमाल होते. त्याला आवाज नव्हता. मरणाऱ्याच्या गळ्यातून आवाज निघू नये, एवढ्यासाठीच ते हत्यार निवडलेले होते. ज्या समाजाची सारी राखण कानांवर अवलंबून, त्या समाजात निःशब्द मारणारा शत्रू काय उत्पात करतो, याचे याहून जवळचे उदाहरण मला ठाऊक नाही. ठगीचा नायनाट झाला तो पहारे वाढवून नव्हे. पकडलेल्या ठगांच्या जबान्या घेऊन, त्या एकमेकींशी ताडून, नावांच्या व नात्यांच्या याद्या करून तो झाला. म्हणजे कानाचे काम कागदाने केले.

याच परिसरातील तिसरे उदाहरण गढीच्या मर्यादेचे आहे. इंग्रजी कागदांत ज्याचे नाव नोव्हा असे येते त्या गढीत हटकरांचा नायक नौसाजी नाईक आपल्या लोकांसह व अरब शिबंदीसह ठाण मांडून बसला होता. १८१९ च्या जानेवारीत मेजर पिटमनच्या हाताखाली निजामाची कवायती फौज तेथे येऊन थडकली. गढीतून बंदुका कमी उडाल्या नाहीत. वेढा तीन आठवडे चालला. परंतु खंदक खणीत, मोर्चे पुढे सरकवीत येणाऱ्या फौजेला बाराचे भय नसते, आणि नौसाजीच्या मदतीला येण्याची शेजारच्या कोणाची छाती नव्हती. महिन्याच्या अखेरीस तट फुटला व शिबंदी बहुतेक कापली गेली. ज्या पलटणींनी हा हल्ला केला त्यांच्या निशाणांवर नोव्हा हे नाव मानचिन्ह म्हणून चढले. त्या मानचिन्हाची दुसरी बाजू अशी की, चोरापासून गाव राखण्यासाठी उभारलेली भिंत सरकारापासून कोणालाच राखू शकत नाही, हे या भागातील गढीवाल्यांना त्या महिन्यात कळून चुकले.

१८५७ नंतर चित्र पालटले. १८७८ च्या शस्त्रकायद्याने ब्रिटिश मुलखात परवान्याशिवाय बंदूक ठेवणे गुन्हा ठरला. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने या कायद्यास राष्ट्राचे खच्चीकरण म्हणून जो दोष दिला, तो सर्वस्वी गैरवाजवी होता असे म्हणवत नाही. त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका कायद्याची मात्र आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक दखल घेतली पाहिजे. मेकॉलेने १८३७ मध्ये मसुदा केलेली आणि १८६० साली मंजूर झालेली दंडसंहिता आत्मसंरक्षणाचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य करते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही तो हक्क जवळजवळ जसाच्या तसा ठेवला आहे. रात्री घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध हा हक्क प्राण घेण्यापर्यंत जाऊ शकतो. पण जरुरीपेक्षा अधिक इजा करू नये आणि सरकारी मदत मिळविण्यास अवधी असेल तर हक्क उरत नाही, अशा मर्यादा त्याला आहेत. आधी हवेत बार काढलाच पाहिजे अशी अट त्यात कोठेही नाही. इतकेच काय, जमाव पांगवताना पोलिसांनी लोकांच्या डोक्यांवरून गोळी झाडू नये, असा आपल्याकडील पोलिसांचा जुना दंडक आहे. त्यामागचे कारण उघड आहे: वर गेलेली गोळी खाली कोठेतरी येते आणि दूरच्या निरपराध्यास लागते, शिवाय बार होऊनही काही झाले नाही असे पाहून पुढच्या माणसास चेव चढतो. गढीवरील रिकाम्या नळ्या मोजणारा दरवडेखोर आणि हा जमाव यांची मनोरचना निराळी नाही.

परंतु या सर्व विचारांची खरी कसोटी मराठवाड्यात १९४७-४८ साली लागली. रझाकारांच्या टोळ्या गावांवर येऊ लागल्या तेव्हा कित्येक गावांनी वेशी बंद केल्या, रात्रीचे पहारे बसविले आणि मिळतील ती हत्यारे गोळा केली. जुनी पद्धत लोकांच्या रक्तात होती. तिच्यात उणीव एकच होती, पण ती जीवघेणी होती. बार ऐकून ज्याने धावावे ते पोलीस ठाणेच पुष्कळ ठिकाणी हल्लेखोरांचे पाठीराखे झाले होते. अशा वेळी आवाज करणे म्हणजे आपल्यापाशी बंदूक आहे हे शत्रूला कळविणे, आणि त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी अधिक मोठी टोळी येण्यात होई. म्हणून लोकांनी सरहद्द ओलांडून वऱ्हाडात आश्रय घेतला आणि तरुणांनी टोळ्या बांधून गनिमी पद्धत धरली. वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे अशाच सशस्त्र प्रतिकारात १९४८ साली कामी आले, आणि वसमतच्या महाविद्यालयाच्या नावात त्यांचे स्मरण आहे. पुढे १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याने निजामी राजवटीचा शेवट केला.

येथेच थांबलो तर हकीकत आपल्याला सोयीची होईल. पण ती अपुरी राहील. त्या सप्टेंबरानंतरच्या आठवड्यांत संस्थानातील मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ज्या चार जिल्ह्यांना सर्वांत अधिक झळ लागली म्हणून सांगितले, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांजबरोबर आपला शेजारचा नांदेड जिल्हाही आहे. त्या घरांतूनही हाका उठल्या असतील. रझाकारी टोळ्यांशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता अशा विणकऱ्यांच्या, तांबोळ्यांच्या, शेतमजुरांच्या घरांना त्या वेळी शेजारी उरला नव्हता, आणि जेथे शेजाऱ्याने दार उघडले तेथे माणसे वाचली. तशी उदाहरणेही त्याच अहवालात नमूद आहेत.

आज डोंगरकड्याच्या शिवारात रात्री जे आवाज होतात ते बहुधा रानडुकरांसाठी. ज्वारीत किंवा हळदीत डुकरे शिरू नयेत म्हणून शेतकरी फटाके उडवितो, कोणी नळीत कार्बाइडचा वायू पेटवून तोफेसारखा दणका काढतो. पहिले काही दिवस कळप बिचकतो. मग आवाजामागून काही येत नाही हे डुकरांच्याही ध्यानात येते आणि दणका चालू असता ती खुशाल चरू लागतात. खरा राखणदार माळ्यावर बसून कुत्र्यासह हाळी देत असेल तर मात्र ती अजूनही वाट बदलतात. माणसांच्या बाबतीत तर आवाजाचा अर्थच आता सांडला आहे. लग्नाच्या वरातीत, निवडणुकीच्या गुलालात, क्रिकेटच्या विजयात एवढे बार उडतात की, मध्यरात्री एखादा खरा बार झाला तरी ऐकणारा कूस बदलून झोपी जाईल. २०१९ साली शस्त्रकायद्यात दुरुस्ती करून अशा आनंदाच्या गोळीबारास, त्याने दुसऱ्याच्या जिवास धोका पोचत असेल तर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा ठेवावी लागली.

दरम्यान महाराष्ट्रातील कित्येक जिल्ह्यांत पोलिसांच्या साह्याने ग्रामसुरक्षा यंत्रणा म्हणून एक व्यवस्था सुरू झाली आहे. गावात दरवडेखोर आल्याचे दिसले की एकाने ठराविक क्रमांकावर दूरध्वनी करून दोन वाक्ये बोलावयाची. तत्काळ त्या गावातील, आणि लागल्यास आसपासच्या गावांतील, नोंदलेल्या प्रत्येक घरचा भ्रमणध्वनी वाजू लागतो व बोलणाऱ्याचाच आवाज ऐकू येतो. त्यात दारू लागत नाही, तोडा विझत नाही, आणि कोणाच्या नळ्या रिकाम्या झाल्या हे चोरास मोजता येत नाही. मात्र तेथेही नोंदणी करताना पहिला प्रश्न जुनाच निघतो: यादीत वाडीवरची, तांड्यावरची, वेशीबाहेरची घरे धरली आहेत की नाहीत?